शब्दचर्चा : ‘टार्न’ म्हणजे तळं, सरोवर की कोंड?

शेवाळ (रत्नागिरी) :
आल्प्समधल्या हिमनद्यांच्या तळ्यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. एका वाक्याशी गाडं अडलंय. मतलब असा : हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेल्या खोलगटात एक टार्न आहे आणि त्याच्या पुढच्या अंगाला हिमनदीनेच आणून टाकलेल्या दगडमातीची आडवी रांग आहे. मी लिहिलं, ‘हिमगव्हरात तळं आहे, पुढून अंत्य हिमोढाचा बांध आहे.’ तपासणाऱ्यांनी ‘तळं’ खोडून सगळीकडे ‘सरोवर’ केलं. कारण असं की तळं माणूस खणतो, निसर्गाचं असतं ते सरोवर. आता हे टार्न जेमतेम दोनशे मीटर लांब. त्याच लेखात दोन परिच्छेदांनंतर इटलीतलं गार्डा येतं, ३७० चौरस किलोमीटरचं. दोघंही सरोवरच? कोकणातला एखादा चालता शब्द बसेल का?

भूरूप :
शब्द नव्याने शोधायची गरज वाटत नाही. भूगोलाच्या मराठी पुस्तकांत हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, मेषशिला, लोंबती दरी हे सगळे रुळलेले आहेत. हिमोढाचेही पार्श्व, मध्य, अंत्य आणि भू असे चार प्रकार शाळेतच होतात. टार्नला ‘गिरिताल’ म्हणा. सुटसुटीत आहे.

व्हाळ (मालवण) :
गिरिताल ऐकून तबला आठवतो. मराठीत ‘ताल’ म्हटलं की पाणी डोळ्यांसमोर येतच नाही. वासुकीताल, चंद्रताल ही हिमालयातल्या तळ्यांची विशेषनामं, ती तशीच राहू देत.
आणि तळं माणूसच खणतो हे कोणी ठरवलं? सड्यावर जांभ्याच्या खोलगटात पावसाचं पाणी साचतं, त्याला आम्ही तळीच म्हणतो. ती कोणी खणलेली नसतात. उलट धामापूरचा तलाव बांध घालून केलेला, तरी त्याला कोणी खालच्या दर्जाचं पाणी समजत नाही. शेवाळ, माझं मत विचाराल तर ‘कोंड’. व्हाळाने, म्हणजे ओढ्याने, कातळ कोरून जिथे पाणी खोल केलेलं असतं तो कोंड. कोरलेलं, खोल आणि लहान, तिन्ही गोष्टी एका शब्दात आल्या.

शेवाळ (रत्नागिरी) :
कोंड माझ्याही डोक्यात होता. पण आमच्याकडे कोंड म्हणजे वाडीसुद्धा. ‘डोंगरात एक कोंड आहे’ असं लिहिलं तर निम्मे वाचक घरं शोधतील.

मोजपट्टी :
कोंड हा डोह आहे. त्यात एका बाजूने पाणी येतं, दुसऱ्या बाजूने जातं, आणि प्रवाह थांबला तरच तो वेगळा दिसतो. टार्न वाहत्या पाण्याने कोरलेलं नसतंच. शब्द शोधण्याआधी ते कसं होतं ते पाहू, नाहीतर आपण नुसते आवाज जुळवत बसू.
डोंगराच्या सावलीच्या अंगाला एका खळग्यात वर्षानुवर्षं हिम साठतं. दाबाने त्याचा बर्फ होतो. बर्फ पुरेसा जाड झाला की तो खळग्यात वरून खाली आणि पुढे असा गोल फिरत सरकतो, खुर्चीवर बसलेला माणूस घसरत पुढे येतो तसा. मागच्या भिंतीच्या भेगांत पाणी शिरून गोठतं आणि दगड सुटे होतात. ते बर्फाच्या तळाशी अडकून कानशीसारखं काम करतात. घासणं सर्वांत जास्त मधोमध होतं. पुढच्या कडेपाशी बर्फ पातळ असतो, म्हणून तिथे कातळ कमी झिजतो आणि एक उंचवटा शिल्लक राहतो. बर्फ गेला की या उंचवट्यामागे पाणी साचतं. तेच टार्न. म्हणजे भाग तीन : मागे कडा, मध्ये खोलगट, पुढे उंबरठा.
शेवाळ, तुमच्या वाक्यात खरा प्रश्न उंबरठ्याचा आहे. पाणी कातळाच्या उंबरठ्याने अडलंय की वर पडलेल्या हिमोढाने? मूळ लेखात पाहा. कातळाचा उंबरठा फुटत नाही. हिमोढाचा बांध फुटतो. तळं म्हणा की सरोवर, हा फरक बुडाला तर भाषांतर चुकलंच.

भूरूप :
मोजपट्टींनी सांगितलेलं अचूक आहे. भर एवढीच की अशी तळी पायऱ्यांवर एकाखाली एक लागली तर त्यांना तिकडे जपमाळेच्या नावाने ओळखतात, कारण नकाशावर ती ओवलेल्या मण्यांसारखी दिसतात. मराठीत ‘माळतळी’ सहज होईल.

व्हाळ (मालवण) :
माळतळी चालेल, गिरिताल नाही. बघा, भूरूपसर, तुम्हीसुद्धा ‘तळी’वरच आलात.

व्याकरणखोर :
तळं-सरोवर चालू द्या. मला ‘अंत्य हिमोढाचा बांध’ खटकतो. हिमोढ हा शब्द मुळात मराठीला पेलत नाही. हिम आणि ओढ. हिमाने ओढलेलं ते हिमोढ, असं असेल तर सरळ ‘हिमओढ’ लिहा. संधी कशाला?

भूरूप :
ओढण्याचा इथे काही संबंध नाही. हिम + ऊढ = हिमोढ. ‘वह्’ या धातूचं भूतकालवाचक विशेषण ‘ऊढ’, म्हणजे वाहून नेलेलं. नवोढा म्हणजे नुकतीच वरलेली, तीही याच ऊढाची. हिमाने वाहून आणलेलं ते हिमोढ. अर्थाच्या दृष्टीने याहून नेमका शब्द सापडणार नाही.

व्याकरणखोर :
मग ‘प्रौढ’ही त्यातलाच. पण तिथे औ आणि इथे ओ, हे कसं?

भूरूप :
प्र + ऊढ इथे गुण न होता वृद्धी होते, हा नियमात नोंदलेला अपवाद आहे. हिमोढात साधा गुणसंधी. दोन्ही रूपं बरोबर.

व्हाळ (मालवण) :
म्हणजे आमचा व्हाळ, वहाळ, आणि तुमचा हिमोढ एकाच घरातले! वाहणं दोघांच्याही पोटात. मग ओढा?

भूरूप :
ओढ्याला त्यात ओढू नका. ध्वनी जुळले की नातं लागतंच असं नाही.

व्याकरणखोर :
व्युत्पत्ती पटली. पण वाचणाऱ्याला ती दिसत नाही हा माझा मुद्दा उभाच आहे. दहापैकी नऊ जण ‘ओढ’च ऐकणार, मी ऐकलं तसं. जो शब्द समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही तो पुस्तकात शोभतो.

मोजपट्टी :
गंमत म्हणजे हिमोढाचा मूळ ‘मोरेन’ हा शब्दही पुस्तकातून आलेला नाही. सव्हॉय प्रांतातले डोंगरी शेतकरी मातीच्या उंचवट्याला तसं म्हणायचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोस्यूर या निसर्गअभ्यासकाने आल्प्सवर लिहिताना तो उचलला आणि तो शास्त्राचा झाला. तसंच आपल्या हिमगव्हराचं. स्कॉटलंडचे लोक त्याला ‘कॉरी’ म्हणतात, म्हणजे कढई किंवा हंडा. जर्मनमध्ये ‘कार’, तेही भांडंच. त्यांनी स्वयंपाकघरातले आणि शेतातले शब्द घेतले. आपण मात्र ‘गह्वर’ शोधून काढलं, ज्याचा मूळ अर्थ गुहा. हिमगव्हर वाचून कोणालाही बर्फाची गुहा वाटेल, आणि वर्णन करताना आरामखुर्ची म्हणावं लागतं.

व्हाळ (मालवण) :
मग हिमोढाला मेर म्हणा की. दोन कुणग्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधली मातीची मेर. अंत्य मेर, बाजूची मेर.

उघाडी (पेण) :
मेर नको. मेर माणूस घालतो, चिखलाने लिंपतो, दरवर्षी तासून नीट करतो. तिची माती एकसारखी असते. हिमोढात काय काय असतं? घराएवढे धोंडे, गोटे, रेव, आणि पिठाइतकी बारीक माती, सगळं एकत्र कालवलेलं. वाहतं पाणी गाळ निवडून टाकतं, जड आधी, हलका पुढे. म्हणून पुळणीवर सगळीकडे एकसारखी वाळू मिळते. बर्फ निवडत नाही. दिसायला जवळचं काही हवं असेल तर ते दरडीचा ढिगारा. गडगाही नाही, कारण गडग्याचे दगड बसवलेले असतात.

शेवाळ (रत्नागिरी) :
मी ‘बांध’ लिहिलं ते त्यामुळेच. हिमोढ हा माल, बांध हे त्याचं काम. पण ‘बांध’ला कोणाची हरकत आहे का?

उघाडी (पेण) :
बांध चालेल, उलट तोच ठेवा. पण पुढे तुमच्या लेखात बांध फुटतो का? फुटत असेल तर शब्दांची खरी अडचण तिथे येईल. खारभूमीत बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा बांध, उधाणाने गेला की आम्ही ‘खांड पडली’ म्हणतो. पूर्ण बांध जात नाही. एका जागी पाणी वरून ओसंडतं किंवा खेकड्याच्या बिळातून आत शिरतं. तिथली माती जाते, खांड खोल होते. खोल झाल्याने पाणी जास्त येतं, आणि जास्त पाण्याने ती अजून खोल होते. अर्ध्या तासात हातभर खांडीची दहा हात होते. हिमोढाच्या बांधाचंही तसंच. तेव्हा ‘बांधाला खांड पडली’ असं लिहा. ‘बांधाचा भंग झाला’ असलं काही नको.

मोजपट्टी :
खांड एकदम चपखल. फक्त हिमोढाच्या बांधात आणखी दोन दुखणी असतात जी बाहेरकाठ्याला नसतात. पहिलं म्हणजे त्याच्या पोटात कधी कधी जुना बर्फ गाडलेला असतो. तो वितळला की बांध आतून खचतो, आणि पाण्याच्या वर उरलेली बांधाची उंची न कळत कमी होते. दुसरं, वरचा कडा. हिमकडा, दरड किंवा काठच तळ्यात कोसळला की लाट उठते आणि लाट बांधावरून जाते. बांध पाण्याच्या दाबाने फुटतो असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा तो वरून ओसंडलेल्या पाण्याने कापला जातो.
सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाकला ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री हेच झालं. सुमारे ५,२०० मीटर उंचीवरचं तळं. त्याच्या काठचा गोठलेला पार्श्व हिमोढ, अंदाजे दीड कोटी घनमीटर, तळ्यात कोसळला. जवळपास २० मीटरची लाट उठली, पुढचा बांध कापला गेला आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी खाली गेलं. चुंगथांगचं तिस्ता-३ चं धरण, १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं, त्यात वाहून गेलं.

व्याकरणखोर :
याच घटनेला काहींनी ‘ढगफुटी’ लिहिलं होतं, काहींनी ‘हिमनदी फुटली’.

मोजपट्टी :
‘हिमनदी फुटली’ हा तर २०२१ चा वारसा. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत रोंती शिखराजवळचा कडाच तुटला. सुमारे २.७ कोटी घनमीटर माल, त्यात बहुतांश खडक, उरलेला बर्फ. घर्षणाने बर्फ वितळला, गाळाचा लोंढा ऋषिगंगा आणि धौलीगंगेतून गेला. तिथे फुटायला तळं नव्हतंच. तरी मथळे ‘हिमनदी फुटली’चे. नदी फुटते कशी, हे कोणी विचारलं नाही.

व्हाळ (मालवण) :
का नाही फुटणार? पानशेत फुटलं असं आपण म्हणतोच. १९६१ ला फुटलं ते मातीचं धरण, गाव नव्हे. तिवरं फुटलं म्हणतात, तेव्हाही फुटलं ते धरण, २ जुलै २०१९ ला. मराठीत जे अडवून धरलेलं असतं ते फुटतं आणि नाव कशाचंही घ्यावं. तळं फुटलं हे चूक नाही, जुनंच आहे.

मोजपट्टी :
तळं फुटलं, मान्य. तिथे अडवलेलं पाणी आहे. चमोलीत काहीच अडवलेलं नव्हतं. शब्द चुकला की पुढचा उपायही चुकतो. लोक तळी शोधत बसतात आणि कड्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

उघाडी (पेण) :
तिवऱ्याच्या वेळी मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं म्हटलं आणि राज्यभर हसू झालं. पण बिळातून पाणी शिरून बांध आतून पोखरतो ही गोष्ट खारभूमीवर रोजची आहे. हसण्याजोगं काय असेल ते एवढंच की बांधाची देखरेख करणारा माणूस नसेल तर खेकडाच पुरेसा होतो. तिवरं खेकड्यामुळे गेलं असं मी म्हणत नाही.

भूरूप :
विषयांतर होतंय. तळं फुटून येणाऱ्या पुराला शास्त्रीय शब्द हवा. ‘हिमनदी-सरोवर उद्रेक पूर’ असं सुचवतो.

व्याकरणखोर :
उद्रेक ज्वालामुखीचा आणि साथीचा. पाण्याचा उद्रेक मी ऐकला नाही. ढगफुटी चालते तर ‘तळेफुटी’ का नको? आणि पूर नव्हे, ‘लोंढा’. पूर चढत जातो आणि ओसरत जातो. लोंढा एकदम येतो.

शेवाळ (रत्नागिरी) :
तळेफुटी छान आहे! पण ‘तळे’ वापरलं तर तपासणारे पुन्हा ‘सरोवरफुटी’ करतील.

व्हाळ (मालवण) :
त्यांना विचारा, ‘सरोवर फुटलं’ असं त्यांनी कधी बोलताना म्हटलंय का?

मोजपट्टी :
बांध बर्फाचाच असला तर? स्वित्झर्लंडच्या बान्य दरीत जिएत्रो हिमनदीचा बर्फ तुटून तुटून खाली पडला आणि द्रांस नदी अडली. व्हेनेत्स नावाच्या अभियंत्याने बर्फातून बोगदा खणून पाणी सोडायला सुरुवात केली. पातळी उतरतही होती. पण वाहतं पाणी बर्फ कापत गेलं आणि १६ जून १८१८ ला बांध गेला. काम सुरू नसतं तर लोंढा आणखी मोठा असता. तिथे हिमोढ नाही, खांड म्हणता येईल का, सांगा उघाडी.
आणि ताजं उदाहरण, २८ मे २०२५. लॉत्शेन दरीत बिर्च हिमनदी खडकासकट कोसळली, ब्लाटेन गाव गाडलं गेलं, आणि त्या ढिगाऱ्यामागे लोंझा नदी तुंबून तळं झालं. गाव आधीच रिकामं केलं होतं.

व्हाळ (मालवण) :
कोंडलेलं पाणी! मग हे सगळे ‘कोंडतळं’. हिमोढाने कोंडलेलं, बर्फाने कोंडलेलं, दरडीने कोंडलेलं. आणि कातळात कोरलेलं ते ‘कोरतळं’. मोजपट्टींना पाहिजे तो फरक नावातच आला. कोंडतळं फुटतं, कोरतळं फुटत नाही.

भूरूप :
‘कोंडणे’चा कोंड आणि डोहाचा कोंड एक नाहीत. दुसरा कुंडावरून आलेला दिसतो. रूपकुंड, हेमकुंड आठवा. ‘कोंडतळं’ वाचून कोणता कोंड घ्यायचा?

व्हाळ (मालवण) :
तुम्हीच आत्ता म्हणालात, ध्वनी जुळले की नातं लागत नाही. नातं नाही लागलं तर नाही लागलं. लोकांना जे समजतं तेच ऐकतात, हे व्याकरणखोरांचं म्हणणं इथे माझ्या उपयोगाचं आहे.

व्याकरणखोर :
माझ्या वाक्याचा असा वापर मंजूर नाही. पण कोंडतळं चांगलंय.

उघाडी (पेण) :
बर्फाच्या बांधाला बोगदा पडतो, खांड पडत नाही. खांड वरून खाली कापते. आतून वाट पडली तर ती गळती. मोठी झाली की छत कोसळतं, मग खांड होते. शब्द क्रमाने बदलावे लागतील.
आणि ‘पातळी उतरणं’ लिहिलंत ते बरं. अशा तळ्याचं पाणी ‘उपसतात’ असं वाचलं की चिडचिड होते. नेपाळच्या त्सो रोल्पा तळ्याला हिमोढ कापून दरवाजा बसवलेला चर काढला आणि २००० साली पाणी ३ मीटर उतरवलं. तिथल्याच इम्जा तळ्याचं २०१६ ला सुमारे साडेतीन मीटर. पाणी आपल्या वजनाने गेलं, उपसा कसला?

मोजपट्टी :
नळ्यांनी सायफन करूनही पाणी काढतात, ल्होनाकला २०१६ साली केलं होतं. त्याची मर्यादा कोकणातल्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाणी कागदोपत्री सुमारे १० मीटर चढवतो, प्रत्यक्षात सात-साडेसात. ५,००० मीटरवर दाब निम्म्याच्या आसपास, त्यामुळे सायफन जेमतेम चारेक मीटरचा उंचवटा ओलांडतो. त्यात नळीत हवा अडकते, पाणी गोठून नळी तडकते. बांध त्याहून उंच असेल तर चर खणण्याला पर्याय नाही, आणि पोटात बर्फ असलेल्या बांधात चर खणणं हीच जोखीम.

शेवाळ (रत्नागिरी) :
फार उपयोगी. माझं टार्न मात्र राहिलं. मूळ लेख पुन्हा पाहिला. त्यात पाणी कातळाच्या उंबरठ्यापर्यंत आहे, हिमोढ त्यावर बारीकसा पडलाय, पाणी त्याच्या फटींतून झिरपतं. म्हणजे व्हाळच्या हिशोबाने कोरतळं.

मोजपट्टी :
मग ‘हिमोढाचा बांध’ खोडा. ती नुसती रांग आहे, पाणी कातळाने धरलंय.

भूरूप :
कोरतळं म्हणाल तर गार्डाही कोरलेलंच. पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ६५ मीटर, खोली ३४६. म्हणजे तळ समुद्राच्या २८० मीटर खाली. इटलीतल्याच कोमो सरोवराचंही तसंच. बर्फ पृष्ठभागाच्या उताराने चालतो, तळ चढता असला तरी वर चढू शकतो, म्हणून नदीला जमणार नाही इतकं खोल कोरतो. गार्डाच्या दक्षिणेला हिमोढाची कमानही आहे. मग दोघांना एकच शब्द झाला, तुमच्या तपासणाऱ्यांसारखा!

व्हाळ (मालवण) :
जात सारखी असली म्हणून आकार सारखा होत नाही. मोठं ते सरोवर, लहान ते तळं. खणलंय कोणी हा प्रश्नच नव्हता.

व्याकरणखोर :
लहान-मोठ्याची सीमा कुठे? किती मीटरला तळ्याचं सरोवर होतं?

शेवाळ (रत्नागिरी) :
तूर्त ‘तळं’ परत ठेवलंय आणि पहिल्यांदा येतं तिथे ‘टार्न’. आता पुढच्या परिच्छेदात हिमनदीचं ‘स्नाउट’, म्हणजे तिचं खालचं टोक, आलंय. ‘मुख’ लिहिलं तर तिथूनच नदी निघते, आणि नदीचं मुख म्हणजे आपल्याकडे खाडीचं तोंड. एकाच पानावर दोन मुखं येतात. ‘सोंड’ चालेल का?

व्हाळ (मालवण) :
सोंड डोंगराची असते.

भूरूप :
गोमुख हा शब्द विसरलात का?

उघाडी (पेण) :
गोमुख देवळाच्या तळीवर असतं.